रिव्हर्स पडत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी दांडा मोजा

गाडी चालू आहे, क्लच तळापर्यंत दाबलाय, आणि रिव्हर्स टाकायला गेलं की गिअरबॉक्स करकरतो. इंजिन बंद केलं की तोच गिअर अलगद पडतो. एवढं कळलं तरी निदान निम्म्यावर आलं. गिअरबॉक्स बहुधा ठीक आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून पूर्ण सुटत नाहीयेत, म्हणजे क्लच ओढतोय. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी चाकांचा वेग जुळवणारी रिंग) नसतो, म्हणून तक्रार सगळ्यात आधी तिथेच ऐकू येते. खात्री करायची तर न्यूट्रलमध्ये क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. इतक्या वेळात गिअरबॉक्सच्या आतली चाकं थांबायला हवीत. तरीही करकर झाली तर क्लच सुटत नाही हे नक्की.

आता बरेच जण इथेच गिअरबॉक्स खाली घेतात. माझ्या पहिल्या पिकअपला मीही तेच केलं होतं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळं नवं घातलं, दोन दिवस गाडीखाली काढले, आणि चालू केल्यावर तीच करकर. दोष होता मास्टर सिलिंडरमधल्या करंगळीच्या नखाएवढ्या रबरी कपात, म्हणजे तेल अडवणाऱ्या सीलमध्ये. त्यानंतर मी एक नियम घालून घेतला आणि आजवर पाळला: स्लेव्हचा दांडा किती सरकतो हे मोजल्याशिवाय एकही बोल्ट सोडायचा नाही. मास्टर म्हणजे पेडलला जोडलेला, तेल पुढे ढकलणारा सिलिंडर; स्लेव्ह म्हणजे त्या तेलाच्या दाबाने दांडा ढकलून क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सजवळचा सिलिंडर.

हे मोजमाप इतकं महत्त्वाचं का, ते आकड्यांतच बघा. माझ्या गाडीच्या मास्टरचा बोअर (आतल्या पोकळीचा व्यास) १५.८७ मिलिमीटर आहे, म्हणजे ५/८ इंच. स्लेव्हचा १९.०५, म्हणजे ३/४ इंच. मास्टरचा पिस्टन साधारण २५ मिलिमीटर सरकतो. हिशोब केला तर पेडल तळाला नेल्यावर पुढे ढकललं जाणारं तेल भरतं सुमारे ५ मिलिलिटर, औषधाच्या एका लहान चमच्याएवढं. तेवढ्या तेलावर स्लेव्हचा पिस्टन जास्तीत जास्त १७ मिलिमीटर पुढे येतो. आता पाइपात फक्त १ मिलिलिटर हवा राहिली आहे असं समजा. दाबाखाली ती वीस-पंचवीस पटींनी आकसते, म्हणजे तेलाची तेवढी जागा जवळजवळ पूर्ण वाया जाते, आणि स्लेव्हचे साडेतीन मिलिमीटर जातात. क्लच सुटतो तो दांड्याच्या शेवटच्या काही मिलिमीटरमध्येच. चमचाभर तेलावर चालणाऱ्या या यंत्रणेत थेंब-थेंब मोजावा लागतो, तो यामुळे.

पाना न उचलता काय कळतं

बॉनेट उघडा आणि क्लचच्या तेलाची डबी बघा. ब्रेकची सवय असलेले इथे चुकतात. ब्रेकचे पॅड झिजले की तेलाची पातळी हळूहळू खाली येते आणि ते स्वाभाविक असतं. क्लचचं उलट आहे. क्लच प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटची बोटं (तिच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) रिलीज बेअरिंगकडे सरकतात, स्लेव्हचा पिस्टन आत ढकलला जातो आणि तेल डबीत परत येतं. म्हणजे पातळी थोडी वर जायला हवी. क्लचच्या स्वतंत्र डबीतलं तेल कमी झालं असेल तर गळती आहे. वरून भरलं, काम झालं, असं समजू नका. ब्रेक आणि क्लच दोघांची डबी एकच असेल तर पॅडही तपासा. अशा डबीत क्लचची नळी सहसा वरच्या बाजूला काढलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं तेल खाली शिल्लक राहतं. क्लच अचानक गेला आणि डबी त्या नळीपर्यंतच रिकामी दिसली, तर वाट कुठे फुटली ते तिथेच कळतं.

तेलाचा रंगही बघा. क्लचमध्येही सहसा ब्रेक ऑइलच असतं, आणि ताजं ब्रेक ऑइल फिकट पिवळसर असतं. काळं, गढूळ झालं असेल तर आत रबर झिजतंय.

मग ड्रायव्हरच्या पायाशी वाकून टॉर्च मारा. पेडलपासून मास्टरमध्ये जाणारा दांडा जिथे आत शिरतो तिथलं रबर बोटाने चाचपा. ओलं लागलं, किंवा खालचा रंग फुगून सुटलेला दिसला, तर मास्टरचं मागचं सील गेलं. नंतर गाडीखाली स्लेव्हचं रबरी बूट कडेने थोडं उचला. किंचित दमटपणा चालतो, पण आतून थेंब ओघळला तर स्लेव्ह गेला. गळलेलं तेल ब्रेक ऑइल आहे की इंजिनचं, याचा संशय आला तर थेंबभर पाण्यात टाका. नेहमीचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिन किंवा गिअरचं तेल वर तरंगतं.

काही गाड्यांत स्लेव्ह बाहेर दिसतच नाही. तो बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो. तिथे खालच्या सांध्यातून किंवा छिद्रातून काळी धूळ मिसळलेलं पातळ तेल ठिबकत असेल, तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

यानंतर पेडल. पायाला जे जाणवतं त्यावर विश्वास ठेवा. पहिला दाब मऊ, आणि भराभर तीन-चार वेळा दाबल्यावर पेडल वर येऊन घट्ट होतं: बहुधा हवा. पेडल ठीक वाटतं, पण सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये दाबून धरलं की अर्ध्या-एक मिनिटात गाडी पुढे सरकायला बघते, आणि डबीतलं तेल मात्र जिथल्या तिथे: मास्टरच्या आतला कप तेल मागे सोडतोय. बाहेर काहीच दिसत नाही म्हणून हा दोष सगळ्यात जास्त फसवतो. पेडल दाबलं की वर यायला वेळ लागतो: रबरी नळी आतून सुजली असेल. अशी नळी दाबाने तेल पुढे जाऊ देते, परत येताना अडवते.

एक गोष्ट फार कमी जण बघतात. कुणालातरी पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटमधून मास्टरच्या अंगाकडे नीट बघा. मास्टरच पुढे-मागे हलत असेल तर तो ज्या पत्र्यावर बसलाय तो पत्रा वाकतोय किंवा तडकलाय. पेडलच्या पिनचं भोकही झिजून लांबट होतं. तिथे गेलेला १ मिलिमीटर पेडलवर पाच-सहा मिलिमीटर होऊन जाणवतो, आणि नवीन मास्टर घालून तो परत मिळत नाही.

मोजणी

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे द्या. जॅकने पुढची बाजू उचलली तर दोन्हीकडे स्टँड लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरू नका. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला.

स्लेव्हच्या दांड्यावर खडूने बारीक खूण करा आणि शेजारी स्टीलची पट्टी धरा. पेडलवर माझी मोठी मुलगी बसते. आमचं ठरलेलं आहे: मी ‘दाब’ म्हणतो, ती पूर्ण दाबून ‘दाबलंय’ म्हणते, आणि मी ‘सोड’ म्हणेपर्यंत पाय हलवत नाही. तिचं उत्तर ऐकल्याशिवाय मी आकडा वाचत नाही आणि बोटही पुढे नेत नाही. दांडा आणि फोर्क (दांडा ज्याला ढकलतो तो लिव्हर) यांच्यामध्ये बोट सापडलं तर तुटेल.

आकडा लिहून घ्या. माझ्या गाडीत १४ मिलिमीटर आले की गिअर स्वच्छ पडतात, १० च्या खाली गेले की करकर सुरू होते. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, बऱ्याच लहान गाड्यांत तो १० ते १५ च्या दरम्यान असतो. मग पेडल पूर्ण एक मिनिट दाबून धरायला सांगा आणि खुणेवरची नजर हटवू नका. दांडा हळूहळू मागे सरकला तर तेल कुठूनतरी निसटतंय. शेवटी एकदा भराभर चार वेळा दाबून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर हवा आहे.

दांडा पूर्ण सरकतोय आणि तरीही गिअर पडत नाही, तर मास्टर-स्लेव्हला हात लावू नका. दोष आत आहे: वाकलेली प्लेट, तुटलेली बोटं, तडकलेला फोर्क, पायलट बेअरिंग, किंवा गाडी बरेच दिवस उभी राहून फ्लायव्हीलला चिकटलेली प्लेट. आता गिअरबॉक्स उतरवायला कारण आहे.

दांडा कमी सरकतोय, पण गळती कुठेच दिसत नाही, तेव्हा मास्टर आणि स्लेव्ह वेगळे करून तपासावे लागतात. मधली नळी रबरी असेल तर गोल कडांच्या होज क्लॅम्पने ती हलकेच बंद करा आणि पेडल दाबा. थोड्याच अंतरात दगडासारखं घट्ट लागलं आणि तसंच राहिलं, तर मास्टर ठीक. तरीही खाली बसत गेलं, तर मास्टर गेला किंवा त्यात हवा आहे. साध्या पक्कडीने नळी चिमटू नका, आतलं अस्तर फाटतं. प्लॅस्टिकच्या किंवा तारेच्या जाळीच्या नळीवर ही चाचणी करायचीच नाही.

क्लच सुटत नाही याच्या उलट तक्रार, म्हणजे चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, ती बहुतेक वेळा झिजलेल्या प्लेटची असते. तरी प्लेट काढण्याआधी एक तपासणी करा. क्लच घसरत असतानाच गाडी थांबवा आणि स्लेव्हचं निपल (हवा काढायचा पोकळ स्क्रू) क्षणभर सैल करा. तेल जोरात उडालं आणि त्यानंतर घसरणं थांबलं, तर पेडल सोडल्यावरही आत दाब अडकून राहत होता. मास्टरच्या दांड्याला मोकळीक नाही, किंवा डबीकडे जाणारं बारीक भोक बुजलंय. निपलजवळ तोंड नेऊ नका आणि चष्मा घाला.

उघडल्यावर

आधी तेल. डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच आणा. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ब्रेक ऑइलं ग्लायकोलच्या जातीची आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते यांच्यात मिसळायचं नाही. आकडे जवळजवळचे असले तरी ५ आणि ५.१ ही दोन वेगळी तेलं आहेत. काही गाड्यांच्या आणि मोटारसायकलींच्या क्लचला खनिज तेल लागतं. तिथे ब्रेक ऑइल घातलं किंवा इथे खनिज तेल घातलं, तर सगळी रबरं फुगून निकामी होतात. बाटली सीलबंद हवी. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियस असतो, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर त्याची हमी १५५ अंशांपर्यंतच उरते. क्लचमध्ये उकळण्यापेक्षा गंजाचा त्रास जास्त, आणि तो याच पाण्याने होतो.

डबीतलं तेल सिरिंजने उपसा. मास्टरच्या खाली आणि आजूबाजूला ओल्या चिंध्या पसरा, कारण हे तेल गाडीचा रंग उतरवतं. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. पाइपाचा नट साध्या फिक्स पान्याने सोडला तर कोपरे गोल होतात. पाइपावरून घालता येणारा, कापलेल्या रिंगचा पाना मिळतो, तोच वापरा. पेडलची पिन काढा, दोन नट सोडा, मास्टर हातात येतो.

सर्क्लिप काढून आतले भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडा आणि फोटो काढून ठेवा. मग बोअर स्वच्छ पुसून आत उजेड टाका. डोळ्यांपेक्षा नख जास्त खरं सांगतं. नख किंवा लाकडी काडी कुठेही अडकली, खड्डा लागला, तर रबर किट घालून उपयोग नाही, पूर्ण सिलिंडर बदला. ॲल्युमिनियमचा बोअर पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करण्याच्या फंदात मी पडत नाही. वरचा कडक थर जातो आणि नवा कप लवकर खातो. बोअर चकचकीत असेल तरच किट. कपाची ओठासारखी कड नेहमी दाबाच्या बाजूला. बसवताना सगळं ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल, पेट्रोल यांतलं काहीही या रबराला लागता कामा नये, धुण्यासाठीसुद्धा.

दुसरी एक गोष्ट मला महागात पडून कळली. एका गाडीला फक्त मास्टर नवा घातला, पेडल झकास झालं, आणि तीन आठवड्यांत स्लेव्ह गळायला लागला. जुन्या मास्टरमुळे स्लेव्हचा पिस्टन इतके दिवस अर्ध्याच अंतरात फिरत होता. पूर्ण सरकायला लागल्यावर त्याचा कप बोअरच्या गंजलेल्या भागावर गेला आणि चिरला. आता एक गेला असेल तर मी दोन्ही बदलतो, आणि मधली रबरी नळी जुनी असेल तर तीही.

परत बसवताना मास्टरच्या दांड्याला पिस्टनपाशी साधारण १ मिलिमीटर मोकळीक ठेवा, मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं नसेल तर. अजिबात मोकळीक नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, डबीचं भोक झाकलेलं राहतं, आणि इंजिन तापलं की क्लच घसरू लागतो.

हवा काढणं

सगळ्यात जास्त वेळ आणि संयम इथे लागतो. नवा मास्टर गाडीवर चढवण्याआधी शिकंजात सरळ धरा, तेल भरा, आणि दांडा हळूहळू आत-बाहेर करा. बाहेर पडणाऱ्या भोकावर बोट ठेवून, सोडताना बंद, दाबताना मोकळं. बुडबुडे थांबले की गाडीवर.

स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ताजं तेल असलेल्या बाटलीत बुडवा. डबी भरा, निपल सैल करा आणि आधी नुसतं वाहू द्या. दहा-पंधरा मिनिटांत बरीच हवा आपोआप निघते. मग मुलगी पेडलवर. मी ‘दाब’, ती ‘दाबलंय’, मी निपल पाव फेरा उघडतो, तेल येतं, मी बंद करतो, मग ‘सोड’. निपल उघडं असताना पेडल वर आलं तर काढलेली हवा परत आत जाते, म्हणून हा क्रम कधीही मोडायचा नाही. सुरुवातीला पेडल आपण होऊन वर येत नाही. ते हाताने किंवा पायाच्या बोटांनी उचलावं लागतं, त्यात बिघाड काही नाही. दर पाच-सहा दाबांनी डबी बघा. ती एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

वीस-पंचवीस दाबांनंतरही पेडल मऊ आहे? तर हवा अशा जागी बसलीय जिथून ती खाली येत नाही. हवा वर जाते, आणि आपण तिला खाली ओढतोय. मास्टर तिरका बसवलेला असेल तर त्याच्या उंच टोकाला बुडबुडा अडकतो, तेव्हा जॅकने गाडीचा तो कोन बदलून बघा. स्लेव्ह उलटा तर बसला नाही ना, हेही तपासा. निपल सगळ्यात वर हवं.

मला सगळ्यात जास्त यश येतं ते पुढच्या उपायाने. स्लेव्ह बोल्ट सोडून मोकळा करा, पाइप जोडलेलाच राहू द्या. निपल घट्ट बंद. तो पाइपाचं तोंड वर येईल असा धरा आणि दांडा अंगठ्याने अगदी सावकाश पूर्ण आत दाबा, मग सावकाश सोडा. दुसऱ्या माणसाने डबीत बघायचं. बुडबुडे एकामागोमाग वर येताना दिसतात. ते थांबेपर्यंत करत राहा. या वेळी कुणीही पेडलला स्पर्श करता कामा नये, स्लेव्हचा पिस्टन उडून बाहेर पडेल. आतल्या गोल स्लेव्हचंही तसंच आहे: गिअरबॉक्स इंजिनला पूर्ण जोडल्याशिवाय पेडल दाबलं तर नवा स्लेव्ह तिथल्या तिथे फुटतो.

एकट्याने करायचं असेल तर मोठी सिरिंज घ्या. तिच्यातली आणि नळीतली हवा आधी बाहेर काढा, निपलला जोडा, निपल सैल करा आणि ताजं तेल खालून वर ढकला. डबी आधी निम्मी रिकामी करून ठेवा, नाहीतर बॉनेटखाली तेलच तेल. सिरिंजच्या दट्ट्याचं काळं रबर या तेलात फुगतं, तेव्हा ती एका कामापुरतीच समजा.

निपल शेवटी घट्ट करताना जोर लावू नका. ते पोकळ असतं, तुटलं तर आत राहतं. लहान पान्याने, मनगटाच्या ताकदीने, एवढं पुरे. टोपी घाला, सगळीकडे पाणी टाकून धुवा, डबी खुणेपर्यंत भरा, काठोकाठ नको, कारण प्लेट झिजेल तसं तेल वर येणार आहे. काढलेलं तेल झाकणाच्या डब्यात भरून वर नाव लिहा आणि जुनी तेलं घेणाऱ्याकडे द्या. नाल्यात ओतू नका, पाण्याच्या बाटलीत तर अजिबात भरू नका. ते विषारी आहे आणि घरात मुलं असतात.

आता पुन्हा पट्टी धरा आणि दांडा मोजा. आधीच्या आकड्याशेजारी नवा लिहा. मग गाडी रात्रभर उभी ठेवा, आणि सकाळी पेडल आधी न चाळवता, पहिल्याच दाबात रिव्हर्स टाका. रात्रीत कुठे बारीक हवा शिरत असेल तर ती याच पहिल्या दाबाला जाणवते. गिअर गुपचूप पडला, की खाली वाकून स्लेव्हच्या बुटावर एकदा कोरडं बोट फिरवा. बोट कोरडंच राहिलं तर गाडी बाहेर काढा.